बी की कलम? फळझाड लावताना या चुका टाळा

"एवढा गोड आंबा होता, त्याचीच कोय लावली आणि फळ आलं आंबट, दोऱ्यांनी भरलेलं!" अशी तक्रार नेहमी ऐकू येते. फळाचा गर त्या झाडाचाच असतो, पण आतलं बी दोन झाडांचं अपत्य. पराग कुठून आला, कोण जाणे. कलमी झाडाच्या बीपासून तसंच झाड मिळेल, ही सगळ्यात महाग समजूत. आंब्याच्या बाबतीत ती खोटी ठरलेली कळायलाच सहा ते दहा वर्षं जातात. कलमाला तीन-चार वर्षांत फळ दिसू लागतं.

अपवाद आहेत. लिंबूवर्गातल्या बऱ्याच जाती आणि आग्नेय आशियातले अनेक आंबे बहुगर्भी असतात. एका बीतून दोन-तीन कोंब येतात आणि त्यातले बहुतेक निव्वळ आईच्या पेशींचे असतात. तिथे जोमदार कोंब ठेवा, खुरटा उपटा. संकरातून आलेला बहुधा तोच असतो. भारतातले बहुतेक आंबे मात्र एकगर्भी: बीतून एकच कोंब, तोही संकराचा. म्हणजे तिथे बी हा जुगारच.

बीच लावायचं असेल तर ते वाळवून डबीत जपू नका. आंबा, फणस, जांभूळ यांचं बी वाळलं की मेलं. सफरचंदाचं उलट: दोन-तीन महिने ओलसर थंडी मिळाल्याशिवाय ते रुजत नाही.

आता कलम, म्हणजे हव्या त्या झाडाची काडी दुसऱ्या रोपाच्या खोडाला, खुंटाला, जोडणं. काडीवरचा डोळा (कोंब) फुटला म्हणजे कलम लागलं, असं समजू नका. मी यात सपशेल फसलोय. बाराव्या दिवशी तांबूस पानं फुटली, मी खुशीत फोटो काढले. तिसऱ्या आठवड्यात पानांनी माना टाकल्या. सांध्यावर बांधलेली पट्टी सोडली तर काडीचं पाचरीसारखं तासलेलं टोक खुंटातून अलगद हातात आलं, तपकिरी, कोरडं. ती पानं काडीतल्या साठ्यावर फुटली होती, खुंटाचं पाणी वर पोचलंच नव्हतं. चूक माझीच: काडी खुंटापेक्षा बारीक होती आणि मी ती नीटनेटकी मधोमध बसवली होती. जुळतो तो सालीखालचा पातळ, ओलसर थर. काडी बारीक असेल तर ती एका कडेला सरकवून निदान त्या बाजूची साल सालीला भिडवा. दिसायला वाकडं दिसतं, दिसू द्या.

काप एका झटक्यात घ्या, करवतीसारखं घासू नका. कापलेली काडी ओल्या फडक्यात ठेवा. आणि हो, काडी उलटी बसवणारेही असतात! डोळ्याचं टोक वर हवं. आंब्याच्या खुंटावर पेरू वगैरे प्रयोगांत वेळ घालवू नका. जवळचं नातं नसेल तर सांधा जुळत नाही.

कलम लागल्यावरचा हलगर्जीपणाही झाड घालवतो. पट्टी वेळेवर सोडली नाही की सांध्याचा गळा आवळला जातो आणि पुढे वाऱ्यात झाड तिथेच मोडतं. सांध्याखालून आलेली फूट दिसताच काढा. ती जोमाने वाढते, म्हणून कौतुकाने ठेवली जाते. वर्षभरात कलमाची फांदी खंगते आणि हाती खुंटाचं झाड उरतं. फळ निकृष्ट निघाल्यावर शिव्या रोप देणाऱ्याला. लावताना सांधा मातीत पुरू नका. लिंबूवर्गात तो वीतभर वर ठेवतात, नाहीतर मातीतली बुरशी खोडाला लागून डिंक वाहू लागतो. पहिल्या वर्षीचा मोहोर मन घट्ट करून खुडा.

जागा पक्की असेल तर मला एक मधला मार्ग आवडतो. कोय थेट खड्ड्यातच लावायची आणि रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की त्यावर हव्या त्या जातीची काडी बांधायची. सोटमूळ पिशवीत गुंडाळलं न जाता सरळ खाली जातं. कलम फसलं तरी खुंट तिथेच असतो. खालून नवी फूट आली की पुन्हा बांधता येतं.