शीख विद्यार्थ्याचे शैक्षणिक पालकत्व घेताना या चुका टाळा

नांदेडला तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या दर्शनासाठी आलेल्या यात्रेकरूंपैकी दोन-चार कुटुंबे दरवर्षी कोणाच्या तरी ओळखीने माझ्यापर्यंत पोहोचतात. कोणी लुधियानाचे असते, कोणी पुण्याचे, कोणी कॅनडात स्थायिक झालेले. त्यांचे म्हणणे बहुधा एकच असते : "वीरजी, एका गरीब शीख मुलाचे शिक्षण करायचे आहे, रक्कम सांगा." कमाईचा दहावा हिस्सा, म्हणजे दसवंध, काढून ठेवणाऱ्या या लोकांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. मात्र पहिलाच प्रश्न रकमेचा आला की पुढे काय बिघडणार आहे, याचा अंदाज मला आता येऊ लागला आहे.

सर्वांत महागडी चूक म्हणजे शासन जे शुल्क भरायला तयार आहे, तेच आपल्या खिशातून भरणे. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल घटकातील आणि इतर मागासवर्गीय मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क शासन भरते. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असावे लागते आणि प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. यातली दुसरी अट दात्यांच्या लक्षात राहत नाही. ओळखीतल्या एका मुलीला अभियांत्रिकीच्या पहिल्या फेरीत मनासारखे महाविद्यालय मिळाले नाही. दुसरी फेरी बाकी होती. मी थांबा म्हणत होतो. पण तिचे पालकत्व घेतलेल्या गृहस्थांना, "मुलीचे वर्ष वाया जाईल," या भीतीने झोप येईना, आणि त्यांनी एका खाजगी महाविद्यालयात व्यवस्थापन कोट्यातून लाखाच्या वर रक्कम भरून प्रवेश उरकला. पहिले वर्ष निघाले. दुसऱ्या वर्षी त्यांचा धंदा बसला, शुल्क थकले आणि शासनाची सवलत तर पहिल्याच दिवशी हातची गेलेली होती. तिच्या वडिलांची कमाई कुलपे-किल्ल्या दुरुस्त करून महिन्याला जेमतेम दहा-बारा हजारांची. शेवटी मुलीने ते महाविद्यालय सोडले आणि नव्याने केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेतला. जे वर्ष वाचवण्यासाठी एवढी घाई केली, तेच वर्ष गेले. तेव्हापासून माझा शिरस्ता असा आहे की प्रवेशाच्या सगळ्या फेऱ्या संपेपर्यंत मी दात्याला महाविद्यालयाचा खाते क्रमांकच देत नाही. पैसे द्यायचेच असतील तर ते वसतिगृह, मेस, पुस्तके आणि प्रवास यांसाठी ठेवावेत, कारण गरीब घरातील मुले शुल्कापेक्षा याच खर्चांपायी अधिक गळतात.

दुसरी चूक नावाची आहे आणि ती इतकी क्षुल्लक वाटते की सांगितले तर लोक हसतात. महाराष्ट्रातील शाळेच्या जनरल रजिस्टरला आडनाव, विद्यार्थ्याचे नाव आणि वडिलांचे नाव अशी तीन पदे हवी असतात. शीख मुलीचे नाव मात्र अनेकदा दोनच पदांचे असते. उदाहरणासाठी तिला मनप्रीत कौर म्हणू. पहिलीच्या वर्गात नाव घालताना गुरुजींनी आडनावाच्या रकान्यात 'कौर' लिहिले आणि पुढे वडिलांचे नाव जोडले. आधार कार्डावर नुसते 'मनप्रीत कौर' आले. बँकेच्या पासबुकात वडिलांचे 'सिंग' तिच्या नावामागे लागले. आणि वडिलांच्या स्वतःच्या कागदांवर कोठे 'सिंग', कोठे 'सिंघ', तर कोठे 'सिंह'. शिष्यवृत्तीचे अर्ज घेणाऱ्या राज्य शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळाच्या दृष्टीने या चार निरनिराळ्या व्यक्ती आहेत. अशाच एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज पहिल्या वर्षी नावातील तफावतीमुळे परत आला. दुसऱ्या वर्षी नाव जुळवून अर्ज मंजूर करून घेतला, तर पैसे तिच्या पासबुकात दिसेनात. आम्ही बँकेत तीन चकरा मारल्या. चौथ्या चकरेला एका कारकुनाने सांगितले की थेट लाभाची रक्कम आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जाते, आणि तिचे शेवटचे खाते होते कोपऱ्यावरच्या दुकानात सिमकार्ड घेताना अंगठा लावून उघडलेले, ज्याचा तिलाही पत्ता नव्हता. पैसे तिथे सहा महिने पडून होते.

यावर माझा उपाय अगदी घरगुती आहे. मुलाला घरी बोलावतो, शाळेचा दाखला, आधार कार्ड, पासबुक आणि उत्पन्नाचा दाखला चटईवर ओळीने मांडतो, आणि कोऱ्या कागदावर त्याचे नाव मराठीत व इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहून प्रत्येक कागदाशी एकेक अक्षर बोट ठेवून ताडून पाहतो. यात अर्धा तास जातो. घाईच्या लोकांना तो अर्धा तास जड वाटतो आणि नंतर तेच लोक तहसील कार्यालयात दिवसचे दिवस उभे राहतात. हे काम मूल शाळेत असतानाच करावे. मुलाने शाळा सोडल्यावर रजिस्टरमधील दुरुस्ती फार किचकट होऊन बसते.

त्याच दाखल्यावर धर्म आणि जात हे रकानेही पाहावेत. शिकलीगर, म्हणजे पिढीजात शस्त्रे घडवणाऱ्या व धार लावणाऱ्या समाजाच्या, कुटुंबांतील काही मुलांच्या दाखल्यावर धर्म 'हिंदू' लिहिलेला मी पाहिला आहे, त्यामुळे अल्पसंख्याकांची सवलत बुडते. तर काहींच्या जातीच्या रकान्यातही 'शीख' असेच लिहिलेले असते, आणि मग जातीचा दाखला काढताना पुराव्यासाठी आजोबांचे कागद शोधत फिरावे लागते. पंजाबातून आलेल्या दात्यांची येथे हमखास एक गफलत होते. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात शिकलीगरांसह शिखांमधील चार जातींचा समावेश होता आणि १९५६ मध्ये ती मर्यादा उठून अनुसूचित जातींतील सर्वच शिखांना मान्यता मिळाली, हे त्यांना ठाऊक असते. परंतु ही यादी प्रत्येक राज्याची वेगळी असते, हे ते विसरतात. पंजाबातील भावकीला जो दाखला मिळतो, तो नांदेडच्या मुलाला मिळेलच असे धरून कोणताही अर्ज भरू नये.

नांदेडजवळच्या विष्णुपुरीचे श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय नावावरून शीख संस्थेचे वाटते, म्हणून तेथे शीख मुलांसाठी जागा राखून ठेवलेल्या असतील असे मला अनेकांनी ऐकवले आहे. ती १९८१ साली स्थापन झालेली शासकीय अनुदानित संस्था आहे आणि तेथे इतरांसारखेच गुणवत्ता यादीतून जावे लागते.

पहिली ते आठवीच्या मुलांसाठी केंद्राची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती मिळेल, या आशेवर बसू नये. २०२२-२३ पासून ती नववी आणि दहावीपुरतीच ठेवण्यात आली.

रोख रक्कम वडिलांच्या हाती देऊ नये. ते अप्रामाणिक असतात म्हणून नव्हे, तर घरात कोणी आजारी पडले की शुल्काचे पैसे दवाखान्यात जातात आणि त्यात त्यांना दोष देता येत नाही.

परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांनी एखाद्या संस्थेमार्फत मदत करताना त्या संस्थेकडे विदेशी देणगीची नोंदणी आहे की नाही, हे आधी विचारावे. अशी देणगी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून दिलेले पैसे मात्र विदेशी देणगी ठरत नाहीत.

नव्वद टक्क्यांच्या वर गुण असतील तरच मदत करू, असे म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. त्या मुलांना कोणी ना कोणी भेटतोच. पंचावन्न टक्क्यांच्या, संध्याकाळी बापाबरोबर भाता फुंकणाऱ्या मुलाला कोणी भेटत नाही. मुलाने केस राखलेच पाहिजेत, अशी अट शुल्काला जोडणारेही येतात. मी स्वतः केसधारी आहे, तरीही ही अट मला पटत नाही, आणि अशा दात्यांना मी चहा पाजून परत पाठवतो. संगतीसमोर, म्हणजे गुरुद्वाऱ्यात जमलेल्या भाविकांसमोर, मुलीला उभे करून धनादेशासह छायाचित्र काढण्याची हौस तर सरळ नाकारावी. गुप्तदानाची परंपरा आपल्याकडे आहे, आणि त्या छायाचित्रानंतर दोन महिने गुरुद्वाऱ्यात यायचे टाळणारी एक मुलगी मला माहीत आहे.

शेवटची चूक दुसऱ्या वर्षी होते. पहिल्या जूनमध्ये उत्साह असतो, दुसऱ्या जूनमध्ये दात्याचा फोन लागत नाही आणि मूल मात्र त्याच्या शब्दावर घराबाहेर पडलेले असते. म्हणून मी आता अभ्यासक्रम चार वर्षांचा असेल तर चारही वर्षांचा मेसचा खर्च आधीच मुदत ठेवीत टाकायला सांगतो. हे ऐकून निम्मे लोक उठून जातात; उरलेल्यांची मुले घेऊन मी मार्चमध्येच कागद मांडायला बसतो.