जवानाला घरचा खाऊ पाठवताना या चुका टाळा

सातारा जिल्ह्यातील आमच्या भागात जवळजवळ प्रत्येक वाडीवस्तीतून कोणी ना कोणी सैन्यात आहे, आणि राखीपौर्णिमा किंवा दिवाळी जवळ आली की टपाल कार्यालयाच्या खिडकीपुढे खोकी सांभाळत उभ्या असलेल्या आया, बहिणी आणि वहिन्या दिसू लागतात. माझा धाकटा भाऊ अकरा वर्षांपूर्वी भरती झाला, तेव्हापासून मीही त्या रांगेत असते. या काळात काही पार्सले आठ-दहा दिवसांत पोहोचली, एक दीड महिन्याने घरी परत आले, आणि एक पोहोचले खरे, पण त्यातला फराळ कोणालाच खाता आला नाही. प्रत्येक वेळी चूक झाली होती ती पार्सल घराबाहेर पडण्यापूर्वीच, आणि ती टाळता येण्यासारखी होती.

पत्त्यात ठिकाणाचे नाव घालणे

परत आलेले ते पार्सल माझ्या हातच्या पत्त्यामुळे परत आले. भावाने पाठवलेला पत्ता मला अपुरा वाटला. त्यात ना गाव होते, ना जिल्हा, ना राज्य; होते ते फक्त त्याचा सेना क्रमांक, हुद्दा, नाव, कंपनी, युनिट, ‘द्वारा ५६ एपीओ’ आणि पिनकोड. एवढ्यावर पार्सल कसे पोहोचणार, या काळजीने मी त्याच्या नेमणुकीच्या जागेचे नाव आणि राज्य खाली लिहून दिले. त्या एका जादा ओळीमुळे पार्सल सेनेच्या टपालात जाण्याऐवजी त्या गावाच्या नागरी टपाल कार्यालयाकडे गेले, आणि तिथे अशा नावाचा कोणी राहत नसल्यामुळे शेरा मारून परत पाठवण्यात आले.

५६ एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस, म्हणजे सेनेचे टपाल कार्यालय) हे गाव नव्हे. सेनेची स्वतःची डाक सेवा आहे. १ मार्च १९७२ पासून ती सेनेची स्वतंत्र शाखा (कोअर) म्हणून काम करते आणि तिचे प्रशिक्षण केंद्र आपल्या नागपूरजवळच्या कामठीत आहे. आपण दिलेले पार्सल नागरी टपालातून प्रथम मध्यवर्ती तळ टपाल कार्यालयात जाते. ५६ एपीओची डाक दिल्लीला आणि पूर्वेकडील युनिटांची, म्हणजे ९९ एपीओची, डाक कोलकात्याला जमा होते. तिथे युनिट आणि पिनकोड पाहून थैल्या बांधल्या जातात, त्या फील्ड पोस्ट ऑफिसपर्यंत जातात आणि तिथून युनिटचा माणूस डाक घेऊन येतो. युनिट आज कोठे आहे हे त्या साखळीतील माणसांना ठाऊक असते आणि पाकिटावर ते नसावे, हाच या पद्धतीचा हेतू आहे. युनिट हलले तर डाकही त्याच्यामागे जाते, मात्र त्यासाठी पत्ता जसा दिला तसाच राहिला पाहिजे.

पिनकोडची गोष्टही हीच आहे. संस्कृतचे कवी आणि टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, तेव्हा देशाचे नऊ विभाग करण्यात आले. त्यांपैकी आठ भौगोलिक होते आणि नववा सेनेच्या डाकेसाठी होता. म्हणून सेनेचा पिनकोड ९ ने सुरू होतो. जवानाने दिलेला पिनकोड ९ ने सुरू होत असेल तर तो ‘चुकला असावा’ असे समजून दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नये, आणि ऑनलाइन फॉर्ममध्ये शहराचे नाव भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही म्हणून तिथे जवळच्या शहराचे नाव ठोकून देऊ नये.

नाव एकट्याने पुरेसे नसते. एकाच पलटणीत एकाच आडनावाचे अनेकजण असतात. जाधव, शिंदे, पवार, पाटील ही नावे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या कोणत्याही कंपनीत किती सापडतील याचा विचार करावा. म्हणून सेना क्रमांक आणि हुद्दा सोडू नये, आणि भाऊ शिपायाचा लान्स नाईक झाला असेल तर नवा हुद्दा लिहावा. पत्ता रोमन मोठ्या अक्षरांत लिहिलेला बरा, कारण तो वाचणारा माणूस दिल्लीत किंवा कोलकात्यात बसलेला असतो. पत्ता लिहून झाल्यावर पार्सलचा फोटो काढून स्टेटसला ठेवण्याची जी सवय अलीकडे लागली आहे, ती मात्र पूर्णपणे थांबवावी. त्या एका फोटोत जवानाचे नाव, क्रमांक आणि युनिट एकत्र दिसते, आणि तो फोटो कोठवर जाईल हे आपल्या हातात राहत नाही.

नौदलातील मुलांसाठी रीत वेगळी आहे. त्यांच्या जहाजाची डाक फ्लीट मेल ऑफिसमार्फत जाते. सीमा सुरक्षा दल, भारत-तिबेट सीमा पोलीस किंवा केंद्रीय राखीव पोलीस दलातील जवानांचे पत्ते तुकडीनुसार बदलतात. कोणत्याही दलातील माणसाचा पत्ता त्याच्याकडूनच, त्याने लिहून पाठवलेला घ्यावा; शेजारच्या घरातील जवानाच्या पत्त्यावरून अंदाज बांधू नये.

कुरिअरवर विसंबणे

खासगी कुरिअरवाल्याला पोहोचवण्यासाठी एक दार लागते, आणि एपीओच्या पत्त्यात दारच नसते. त्यामुळे असे पार्सल बहुधा काउंटरवरच नाकारले जाते, किंवा घेतले गेले तरी वाटेत अडकून पडते. यासाठी टपाल खात्याचाच रस्ता धरावा. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट ही स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे, तेव्हा राखीचे पाकीट ‘रजिस्टर करून द्या’ असे जुन्या सवयीने सांगितले तरी ते आता स्पीड पोस्टनेच जाईल. पावती मात्र नीट ठेवावी. दोन अक्षरे, नऊ अंक आणि शेवटी पुन्हा दोन अक्षरे असा तेरा खुणांचा जो क्रमांक तिच्यावर असतो, पुढच्या सगळ्या चौकशीचा आधार तोच असतो.

फराळ बांधताना होणाऱ्या चुका

या भागात मी थोडी रेंगाळणार आहे, कारण सर्वाधिक नासाडी इथेच होते.

पहिल्या दिवाळीला मी एकाच खोक्यात बेसनाचे लाडू, चिवडा, चकल्या आणि उटणे-साबण असे सगळे भरले होते. पार्सल बारा दिवसांनी पोहोचले. भावाने फोनवर काही सांगितले नाही. सुट्टीवर आल्यावर, तेही आईने विचारले म्हणून, त्याने सांगितले की लाडवांना साबणाचा इतका वास लागला होता की सेक्शनमधल्या, म्हणजे त्याच्या लहान तुकडीतल्या पोरांनी एकेक तोंडात घालून उरलेले बाजूला ठेवले. तूप वास पटकन धरते, आणि बेसनाचा लाडू म्हणजे निम्मे तूपच. तेव्हापासून साबण, उटणे, अगरबत्ती, बाम या वस्तू खाण्याच्या खोक्यात मी ठेवत नाही. त्या मोजे, क्रीम यांच्याबरोबर वेगळ्या लहान पार्सलने जातात.

दुसरी चूक घाईची. चिवडा किंवा शंकरपाळी कढईतून उतरल्यावर कोमट असतानाच पिशवीत भरली, तर आत वाफ धरते आणि दोन दिवसांत पदार्थ सादळतो, आठवड्यात बुरशी येते. रात्री तळलेले सकाळी भरावे. चिवड्यातील कढीपत्ता आणि मिरची बोटांत चुरली जाईल इतकी कुरकुरीत झालेली असावी, कारण एक ओलसर मिरची संपूर्ण पिशवी बिघडवते. ओले खोबरे किंवा न वाळवलेला तळलेला कांदा त्यात नसावा. शेंगदाणे आधी भाजून घ्यावेत आणि तेल ताजे वापरावे. वापरलेल्या तेलातली चकली पोहोचेपर्यंत खवट होते.

काय पाठवावे असे विचाराल तर माझे मत स्पष्ट आहे: डिंकाचे लाडू, तिळाची चिक्की, भाजक्या पोह्यांचा चिवडा, शंकरपाळी, लसणाची कोरडी चटणी आणि मेतकूट. यांतले काहीही पंधरा-वीस दिवस सहज टिकते, आणि लंगरच्या, म्हणजे सैन्याच्या स्वयंपाकघरातल्या, साध्या वरणभातावर चमचाभर मेतकूट पडले की घरचे जेवल्यासारखे वाटते, असे भाऊ नेहमी सांगतो. पुरणपोळी, खव्याचे पेढे, बर्फी आणि ओल्या नारळाच्या वड्या यांचा मोह आवरावा. आपल्याकडचे कंदी पेढे कितीही प्रिय असले तरी उन्हाळ्यात दहा दिवसांच्या प्रवासाला ते पाठवू नयेत.

चकल्या स्टीलच्या किंवा जाड प्लॅस्टिकच्या डब्यात एकावर एक रचाव्यात, प्रत्येक थरामध्ये कागद घालावा आणि वर राहिलेली जागा चुरमडलेल्या कागदाने भरून काढावी. बंद खोका कानाशी धरून हलवावा. आत काही खडखडले तर तो अजून भरलेला नाही असे समजावे, कारण थैल्यांच्या ढिगात जी वस्तू आत हलते तीच फुटते. लोणच्याची काचेची बरणी कधीही पाठवू नये. पाठवायचेच असेल तर लहान प्लॅस्टिकच्या बरणीत तेल कमी ठेवून, झाकणाभोवती चिकटपट्टी गुंडाळून, दोन पिशव्यांमध्ये बांधून पाठवावे. पूर्वी आमची आजी पार्सलावर मांजरपाट शिवून घेत असे. खोका पावसात भिजून उकलला तरी कापडामुळे सामान आत राहत असे, आणि श्रावणात पाठवायच्या पार्सलासाठी मी अजूनही तसेच शिवते. राखीसाठी टपाल खात्याची न भिजणारी पाकिटे मिळतात, ती घ्यावीत.

लडाखकडे जाणाऱ्या पार्सलाचा विचार आणखी वेगळा करावा लागतो. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ दोन-तृतीयांश एवढाच असतो. त्यामुळे हवा भरून बंद केलेली वेफर्सची पाकिटे फुग्यासारखी टरारतात आणि काही वेळा फुटतात. घरी पिशवी बंद करताना आतली हवा दाबून काढावी. हिवाळ्यात बर्फामुळे काश्मीरकडून लडाखला जाणारा झोजी-ला घाटातला रस्ता काही काळ बंद राहतो, तेव्हा तिकडची डाक विमानावर अवलंबून असते आणि विमान हवामानावर. संक्रांतीचा तिळगूळ जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात टाकून संक्रांतीला पोहोचण्याची अपेक्षा करू नये. मी तो नाताळच्या आधी पाठवते.

खोक्यात जाऊ नये असे काही

पॉवर बँक, सुट्या लिथियम बॅटऱ्या, लायटर, काडेपेटी, अत्तर आणि फवाऱ्याचे डबे विमानाने जाणाऱ्या डाकेत चालत नाहीत. तपासणीत सापडल्यास पार्सल थांबते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र अनेकजण निर्धास्तपणे घालतात. तेलाच्या प्रमाणामुळे सुके खोबरे हवाई वाहतुकीच्या नियमांत आपोआप तापू शकणाऱ्या पदार्थांत मोडते, हे कोकणातल्या आणि घाटावरच्या दोन्ही घरांनी लक्षात ठेवावे.

पाकिटात पाचशेची नोट सरकवणे हीही एक प्रेमळ चूक आहे. विमा न उतरवता रोख रक्कम टपालातून पाठवता येत नाही, आणि आता खात्यावर पैसे पाठवणे कितीतरी सोपे आहे. रंगीबेरंगी स्वेटर आणि कानटोप्याही बहुधा ट्रंकेच्या तळाशी पडून राहतात, कारण ड्युटीवर सरकारी कपडेच घालावे लागतात. त्याऐवजी साध्या गडद रंगाचे जाड मोजे, ओठांना लावायचे मलम, नेलकटर, सुईदोरा, आणि घरातल्या लहान मुलाने काढलेले चित्र पाठवावे.

मोठे खोके पाठवण्याचा अट्टाहास मला पटत नाही. जवानाकडे जागा एका ट्रंकेची असते, आणि हलण्याचा हुकूम आला की सामान पाठीवर घ्यावे लागते. सेक्शनमध्ये साधारण दहा जण असतात आणि घरचा खाऊ एकट्याने खाण्याची तिथे रीत नाही. म्हणून दहा जणांना एकेक मूठ मिळेल एवढा चिवडा आणि प्रत्येकी दोन लाडू हे माप मी धरते, आणि वर्षातून एक मोठे पार्सल पाठवण्याऐवजी तीन-चार लहान पाठवते. पाठवण्यापूर्वी त्याची सुट्टी कधी आहे हे विचारून घ्यावे. तो घरी येऊन गेल्यावर त्याच्यामागे पोहोचलेले पार्सल मी पाहिले आहे.

शाळांनी ‘सीमेवरील जवानास’ एवढेच लिहून राख्यांची पाकिटे टपालात टाकू नयेत. त्यांना पत्ताच नसतो. त्या एकत्र बांधून, पुरेसे दिवस हाताशी ठेवून, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी बोलून त्यांच्यामार्फत पाठवाव्यात.

पार्सल पोहोचले नाही तर

ऑनलाइन नोंद अनेकदा दिल्ली किंवा कोलकात्यापर्यंत दिसते आणि तिथे थांबते. याचा अर्थ पार्सल हरवले असा नव्हे. ते सेनेच्या डाकेत गेलेले असते आणि पुढच्या हालचालीची नोंद आपल्याला दिसेलच असे नाही. त्या नोंदीनंतर दोन आठवडे वाट पाहावी. नंतर जवानाला युनिट हलले का, पिनकोड बदलला का एवढेच विचारावे. कोठे हलले हे फोनवर विचारू नये. तरीही पत्ता लागला नाही तर पावती घेऊन जिथून पाठवले त्याच टपाल कार्यालयात लेखी तक्रार द्यावी आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. तिकडे जवानाने आपल्या युनिटच्या डाकेची जबाबदारी असलेल्या माणसाकडे तोच तेरा खुणांचा क्रमांक द्यावा, म्हणजे दोन्ही टोकांकडून शोध सुरू होतो.

पार्सल परत आले तर आधी त्यावरचा शेरा वाचावा आणि मगच खोका उघडावा, कारण चूक क्रमांकाची होती, पिनकोडची होती की तो सुट्टीवर होता, हे त्या शेऱ्यावरून कळते. आतला फराळ पुन्हा पाठवू नये. मोजे, क्रीम यांसारख्या वस्तू ठेवाव्यात, पत्ता जवानाकडून नव्याने मागवून घ्यावा, आणि खोक्यात आधी घातलेल्या पत्राच्या खाली आजची तारीख घालून दोन ओळी लिहून ते पत्र त्याच खोक्यात घालावे.