रोमची तुलना करताय? मग या चुका टाळा

रोम भारी का कार्थेज (उत्तर आफ्रिकेतलं व्यापारी शहर आणि सत्ता), रोम का पार्थिया (इराणकडचं साम्राज्य), रोम का हान चीन (हान घराण्याच्या काळातला चीन), हा वाद इतिहासाची आवड असलेल्या लोकांत कायम रंगतो आणि रंगायलाच पाहिजे, मलापण मनापासून आवडतो. पण त्याच त्याच चुकांमुळे चर्चा भरकटते आणि दोन्ही बाजूंच्या संस्कृतींवर अन्याय होतो.

सगळ्यात मोठी चूक काळाची. लोक रोममधल्या पँथिऑन या मंदिराचा घुमट दाखवून कार्थेजला मागास ठरवतात. अहो, तो साधारण 43 मीटर रुंदीचा काँक्रीटचा घुमट इ.स. 126 च्या आसपासचा, आणि कार्थेज रोमने इ.स.पू. 146 लाच जाळून टाकलेलं! खरी तुलना करायची तर इ.स.पू. 264 घ्या, पहिलं प्युनिक युद्ध, म्हणजे रोम आणि कार्थेजमधलं पहिलं युद्ध, सुरू झालं ते साल. तेव्हा रोमकडे नाव घेण्यासारखं आरमारच नव्हतं, कार्थेजचं एक लढाऊ जहाज हाती लागलं आणि त्याचा नमुना समोर ठेवून रोमने ताफा बांधला असं प्राचीन ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सांगतो. म्हणून वादाला बसण्याआधी एक साल ठरवा आणि त्या सालात दोघांकडे काय होतं तेवढंच बोला.

दुसरी चूक, जिंकलेल्याने लिहिलेलं जसंच्या तसं उचलणं. कार्थेजचे लोक म्हणजे नुसते पैशाच्या मागे लागलेले व्यापारी, लढायला भाडोत्री माणसं, हे चित्र आलं कुठून? रोमन आणि ग्रीक लेखकांकडून. कार्थेजची स्वतःची पुस्तकं आज जवळपास काहीच उरली नाहीत. पण त्याच रोमच्या सिनेटने, म्हणजे राज्यकारभार बघणाऱ्या सभेने, मागो नावाच्या कार्थेजच्या लेखकाचे शेतीवरचे 28 ग्रंथ लॅटिनमध्ये करून घेतले, आता ज्या लोकांना अडाणी समजायचं त्यांच्याकडून कोणी शेती शिकेल का? आणि हो, जिंकल्यावर रोमने कार्थेजच्या जमिनीत मीठ पेरलं ही गोष्ट प्लीज थांबवा, एकाही प्राचीन लेखकाने तसं लिहिलेलं नाही.

मग येते एका लढाईवरून निकाल लावायची सवय. इ.स.पू. 53 मध्ये कॅर्हीला (आजच्या तुर्कस्तानात) पार्थियन सेनापती सुरेनाने रोमन सेनापती क्रॅससची फौज कापून काढली, ग्रीक लेखक प्लुटार्क 20,000 मेले आणि 10,000 पकडले गेले म्हणतो, उंटांवर बाणांचे साठे लादून आणलेले त्यामुळे घोडेस्वारांचे बाण संपतच नव्हते. जबरदस्तच. पण त्यावरून पार्थिया अजिंक्य होता असं नाही होत, कारण त्यांची राजधानी टेसिफॉन रोमने इ.स.च्या दुसऱ्या शतकात तीनदा घेतली. आणि उलट बाजूने, घेतली म्हणजे रोम जिंकला असंही नाही, रोमन सम्राट ट्रेजनने 116 ला मेसोपोटेमिया (साधारण आजचा इराक) घेतला आणि पुढच्याच वर्षी त्याच्यानंतरच्या सम्राट हेड्रियनने सोडून दिला, टिकवता येण्यासारखं नव्हतंच ते. इथे अजून एक गल्लत होते, 260 ला रोमन सम्राट व्हॅलेरियनला जिवंत पकडणारा राजा शापूर पार्थियन नव्हे, सासानी, म्हणजे पार्थियनांनंतर इराणात आलेल्या घराण्याचा. पार्थियन सत्ता 224 च्या सुमारासच गेली होती.

माझ्या मते ताकद बघायची तर हरल्यानंतर काय झालं ते बघा. इटलीतल्या कॅनीला इ.स.पू. 216 मध्ये कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने रोमची तिथे उतरलेली जवळपास अख्खी फौज एका दिवसात संपवली, तरी रोमने तह केला नाही, नवीन फौजा उभ्या केल्या, कारण इटलीभरच्या मित्रशहरांकडून माणसं मिळत राहिली आणि बहुतेक शहरं फुटली नाहीत. त्या काळातल्या रोमची खरी ताकद ही, तलवारीपेक्षा मोठी.

प्रगतीचं पण तसंच, एकच पट्टी लावू नका. हान चीनमध्ये ओतीव लोखंड मोठ्या प्रमाणावर बनत होतं, रोमला ते जमलं नाही. रोमकडे काँक्रीट आणि फुंकून बनवलेली काच. इ.स. 2 च्या चिनी शिरगणतीत पावणेसहा कोटींच्या वर माणसं मोजलेली आहेत, रोमन साम्राज्याच्या लोकसंख्येचा मात्र आपल्याला अंदाजच करावा लागतो. दोघांची लढाई झाली असती तर, हा प्रश्न सोडूनच द्या, दोघांची गाठच कधी पडली नाही, 97 ला रोमकडे निघालेला चिनी दूत गान यिंग समुद्रापर्यंत येऊन परत फिरला.

आता आपल्याकडची आवडती चूक. रोमन लेखक प्लिनी म्हणतो की भारत दरवर्षी 5 कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो, आणि लोक लगेच भारताने रोमला कंगाल केलं म्हणून मोकळे होतात. पण रोम पूर्वेकडच्या मालावर 25 टक्के जकात घेत होता, म्हणजे त्याच व्यापारातून खजिन्यात तगडी रक्कम पण येत होती. त्यामुळे सातवाहनांना रोमचे प्रतिस्पर्धी म्हणून उभं करण्यात अर्थ नाही, ते व्यापारातली दुसरी बाजू होते. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडनची ब्राँझची मूर्ती, धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचे अवशेष, सगळं हेच सांगतं. पेरिप्लस या त्या काळच्या ग्रीक व्यापारी-प्रवासाच्या पुस्तकात तर स्पष्ट लिहिलंय की कल्याणचा व्यापार अडवलेला होता आणि तिथे आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जायची. ते इथल्या सत्तांच्या आपसातल्या भांडणातून चाललं होतं, त्यात रोमच्या फौजेचा काडीचा संबंध नव्हता.