बोअरच्या पाण्याचा टँक: आधी अल्कलिनिटी, मग क्लोरीन

बावधनला आमच्या घरामागे सहा मीटर लांब आणि तीन मीटर रुंद टँक आहे, पाणी सरासरी १.२ मीटर. पुण्यात टिळक टँक म्हणतात तसं पोहायच्या तलावाला टँक म्हणायची सवय, म्हणून घरचाही टँकच. सासऱ्यांचे गुडघे दुखतात आणि डॉक्टरांनी त्यांना रोज पाण्यात चालायला सांगितलं, त्यासाठी तो बांधला. पाणी बोअरचं, आणि एप्रिल-मेमध्ये बोअर आटलं की टँकरचं.

पहिली दोन वर्षं देखभाल एका माणसाकडे दिली होती. पाणी गढूळ झालं की तो क्लोरीन टाकायचा, हिरवट झालं की मोरचूद. मोरचुदानं पाणी सुरेख निळं दिसायचं. दुसऱ्या उन्हाळ्यात टाइल्सच्या फटींमध्ये काळपट डाग उठले, पाण्याच्या रेषेवर पांढरी पापडी जमली आणि लेकीचे डोळे रोज लाल व्हायला लागले. मग मी काम स्वतःच्या हातात घेतलं. या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच निघालं: आमच्या पाण्याचा पीएच कायम आठच्या वर होता आणि तो कधी कोणी मोजलाच नव्हता.

तर सुरुवात मोजण्यापासून. रविवार पेठेत बोहरी आळीत टेस्ट किट मिळतं, पण विकत घेताना एक बघा. पाणी पिवळं करणाऱ्या थेंबांचं स्वस्त किट फक्त एकूण क्लोरीन दाखवतं. पाणी गुलाबी करणारं डीपीडीचं किट मोकळं क्लोरीन वेगळं दाखवतं, आणि जंतू मारतं ते हेच मोकळं क्लोरीन. नमुना पृष्ठभागावरून घेऊ नका. बाटली उलटी धरून हात कोपरापर्यंत बुडवायचा, तिथे बाटली सुलटी करायची. पाणी आत येणाऱ्या तोटीपासून लांब उभं राहायचं. मी सकाळी साडेसहाला, ऊन यायच्या आत मोजते आणि आकडे वहीत लिहिते.

हवं ते असं: पीएच ७.२ ते ७.६, मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम, अल्कलिनिटी (पाण्याची ॲसिड पचवायची ताकद) ८० ते १२०, कॅल्शियम हार्डनेस (पाण्यातलं कॅल्शियम) २०० ते ४००. टँकमध्ये पाणी किती आहे हे माहीत नसेल तर या आकड्यांचा उपयोग नाही. लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये गुणा, वर हजारानं गुणा. आमचं २१,६०० लिटर भरतं. हजार लिटरला एक ग्रॅम म्हणजे एक पीपीएम, एवढं लक्षात ठेवलं की बाकी सगळं त्रैराशिक आहे.

आता क्रम. आधी अल्कलिनिटी, मग पीएच, सगळ्यात शेवटी क्लोरीन. बहुतेक जण उलट करतात. पीएच साडेसात असताना टाकलेल्या क्लोरीनचा जेमतेम अर्धा भाग जोरकस रूपात असतो, आठला तो पाव होतो. म्हणजे त्या माणसानं टाकलेल्या क्लोरीनचा तीन चतुर्थांश भाग आमच्याकडे नुसता पडून राहत होता.

बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून झिरपत येताना बायकार्बोनेट आणि कॅल्शियम बरोबर आणतं. आमची अल्कलिनिटी पहिल्यांदा मोजली तेव्हा २६० निघाली. एवढी असली की पीएच खाली राहतच नाही. सोड्याची बाटली उघडी ठेवल्यावर गॅस निघून जातो, तसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडत राहतो आणि पीएच चढत जातो. टँकर रिकामा होताना मोजाल तर पीएच ७.३ दिसेल, आठवड्यानं तेच पाणी ८.२ दाखवेल.

अल्कलिनिटी उतरवायला हायड्रोक्लोरिक ॲसिड लागतं, ३० ते ३३ टक्क्यांचं. आमच्या टँकमध्ये अर्धा लिटर ॲसिडनं अल्कलिनिटी साधारण १२ पीपीएमनं उतरते आणि पीएच आठवरून साडेसातच्या आसपास येतो. एका दिवशी तेवढंच. मग तोट्या वरच्या दिशेला वळवून पंप चालवायचा, पाणी खळखळलं पाहिजे. खळखळण्यानं पीएच परत चढतो, पण अल्कलिनिटी उतरलेलीच राहते. चढला की पुन्हा अर्धा लिटर. मला १२० वर यायला बारा दिवस लागले. घाई करून एकदम ओतलं तर पीएच कोसळतो आणि सिमेंट, पंपाचे धातूचे भाग खाल्ले जातात.

ॲसिड टाकताना हातमोजे आणि चष्मा घालाच. बादलीत आधी पाणी घ्या, त्यात ॲसिड सोडा, कधीही उलटं नाही. वारा पाठीवर घेऊन उभे राहा आणि खोल बाजूला, पंप चालू असताना, बारीक धारेनं ओता. ॲसिडची बादली आणि क्लोरीनची बादली वेगळी, ठेवायची जागाही वेगळी. दोन्ही एकत्र आली तर विषारी क्लोरीन वायू निघतो. टीसीसीएच्या गोळ्या आणि कॅल्शियम हायपोक्लोराइटची पावडर ही दोन्ही क्लोरीनचीच रूपं, पण त्यांना एकच डाव वापरणंसुद्धा धोक्याचं, दोन्ही मिसळून आग लागते. ॲसिड टाकल्यावर चार तास आमच्याकडे कोणी पाण्यात उतरत नाही.

तुमच्याकडे महापालिकेचं, खडकवासल्याचं पाणी असेल तर अडचण उलटी असू शकते, अल्कलिनिटी कमी. त्याला खायचा सोडा पुरतो: दहा हजार लिटरला १७० ग्रॅमच्या आसपास टाकला की १० पीपीएम वाढते.

आता क्लोरीन. हार्ड पाण्याला कॅल्शियमवाली पावडर मी वापरत नाही, पापडी अजून वाढते. मी लिक्विड क्लोरीन, म्हणजे १० टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट, संध्याकाळी टाकते. दोन पीपीएमला ४३० मिलीलिटर. उन्हात ते झपाट्यानं उडतं, कॅनमध्येसुद्धा पुण्याच्या एप्रिलात त्याचा जोर मावळतो, म्हणून महिन्यापुरतंच आणायचं आणि सावलीत ठेवायचं. उन्हापासून राखायला सायन्युरिक ॲसिड ३० ते ४० पीपीएम ठेवते. टीसीसीएच्या गोळ्यांमध्ये ते आधीच असतं, आणि तिथेच लोक फसतात. रोज दोन पीपीएम गोळ्यांनी दिलं तर महिन्यात सायन्युरिक ३६ पीपीएमनं वाढतं. ते उडत नाही, विरत नाही. फार साठलं की क्लोरीन मंदावतं, आणि मग पाणी बदलण्यावाचून इलाज नाही. टंचाईच्या दिवसांत टँकरचं पाणी गटारात सोडायला मन धजत नाही, म्हणून गोळ्या फक्त आम्ही गावाला गेलो तरच.

टँकला ‘क्लोरीनचा’ उग्र वास यायला लागला तर क्लोरीन जास्त झालं असं समजू नका. घाम आणि लघवीशी जोडल्या गेलेल्या क्लोरीनचा तो वास असतो. डोळे झोंबतात तेही बऱ्याचदा त्यामुळे. एकूण आणि मोकळं यातला फरक काढा आणि त्याच्या दहापट क्लोरीन रात्री एकदम द्या. रंगपंचमीनंतर आमचा फरक ०.६ आला होता, म्हणजे सहा पीपीएम, म्हणजे १.३ लिटर. रात्रभर पंप चालवला, सकाळी बॅकवॉश केला, म्हणजे फिल्टरमधून पाणी उलटं सोडून तो धुतला. मोकळं क्लोरीन तीनच्या खाली आल्यावरच सासरे पाण्यात उतरले.

पावसाळ्यात सगळं उलटं फिरतं. पावसाच्या पाण्यात अल्कलिनिटी जवळजवळ नसते, त्यामुळे जोराच्या सरीनंतर आमचे आकडे घसरतात आणि कडुनिंबाची पानं जाळीत अडकून कुजतात. जूनपासून मी आठवड्याला एकदाऐवजी दर दोन दिवसांनी अल्कलिनिटी मोजते, आणि ॲसिडचा कॅन तेव्हा कपाटातच राहतो.