आईला डबलसीट घेऊन कोकण: लांबच्या प्रवासाआधी आणि प्रवासात काय करावं

गेल्या जानेवारीत मी आईला पल्सर १५० वर मागे बसवून आठ दिवस कोकणात फिरलो. कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूण आणि गुहागर, मग तवसाळला फेरीबोटीने खाडी ओलांडून जयगड, गणपतीपुळे, रत्नागिरी, पावस, विजयदुर्ग, देवगड, मालवण. परतताना कणकवली, फोंडा घाट, कोल्हापूर. मीटरवर ७३० किलोमीटर पडले. आई ६३ वर्षांची, दोन्ही गुडघे दुखरे, आणि आयुष्यभर गाडीवर एका बाजूला पाय सोडून बसलेली. तिचं माहेर गुहागर तालुक्यातलं. वळणावर गाडी थांबवून खाडी डोळे भरून बघायची, ही इच्छा तिचीच होती.

एकट्याने मी याच गाडीवर बराच फिरलोय. त्या अनुभवाचा डबलसीटला वाटला होता तेवढा उपयोग झाला नाही. एकट्याला गाडी आपल्या अंगाने चालवता येते, डबलसीटला ती मागच्या माणसाच्या अंगाने चालवावी लागते. त्याची कंबर, त्याची तहान, त्याची भीती, सगळं आपल्याला पाठीवरून ओळखावं लागतं. घरातलं वयस्कर माणूस मागे बसवून लांब जायचा विचार असेल त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

सुरुवात बसण्यापासून. लांबच्या प्रवासात मागच्या माणसाने दोन्हीकडे पाय टाकूनच बसायला हवं. एका बाजूला बसलं की सगळं वजन डावीकडे जातं, चालवणारा नकळत उजवीकडे तोलत राहतो आणि संध्याकाळी त्याची पाठ धरते. अचानक ब्रेक लागला तर मागच्याला धरायला फक्त एकच हात उरतो. आईला हे सांगून पटलं नाही. मग अंगणात गाडी स्टँडवर लावून तिला आधी एका बाजूला, मग दोन्हीकडे पाय टाकून बसवलं आणि दोन्ही वेळा गाडी हलवून दाखवली. ती लगेच म्हणाली, "पंजाबी ड्रेस शिवून घेते." ओढणी मात्र घरी ठेवायला लावली. ओढणी किंवा पदर चाकात, चेनमध्ये गेला की काय होतं ते आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. मागच्या चाकाची जाळी दिसायला बरी नाही म्हणून काढून टाकणारी मुलं आमच्या गल्लीतही आहेत. मागच्या माणसाला धरायला मूठ, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि निम्मं चाक झाकणारं आवरण हवं, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांमधल्या १२३ व्या नियमात लिहिलेलं आहे. ती जाळी राहू द्या.

हेल्मेट मागच्यालाही कायद्याने सक्तीचं आहेच, पण माझं जुनं हेल्मेट आईला देऊन चालणार नव्हतं. ते तिच्या डोक्यावर फिरत होतं. दुकानात तिलाच नेलं, आयएसआय मार्क बघितला, पट्टा लावून मान जोरात हलवायला सांगितली. डोकं हललं की हेल्मेट त्याच्याबरोबर हलायला हवं, वेगळं फिरता कामा नये. दोन अडचणी दुकानातच कळल्या. अंबाडा असला की हेल्मेट पूर्ण खाली बसत नाही, म्हणून मानेजवळ सैल वेणी. आणि चष्मा हेल्मेट घातल्यानंतर लावायचा, आधी नाही. घरी रोज अर्धा तास ते घालून ती भाजी निवडायची. मानेला वजनाची सवय त्यामुळेच झाली.

निघण्याआधीचे तीन रविवार आम्ही सरावाला दिले. पहिल्यांदा मल्हारपेठपर्यंत, मग पाटण, मग पाटणच्या पुढे कोयनेच्या बाजूला. या सरावात चढणं-उतरणं पक्कं झालं. मी दोन्ही पाय जमिनीवर रोवतो, पुढचा ब्रेक दाबून धरतो, आणि "बस" म्हणतो. तोपर्यंत तिने गाडीला हात लावायचा नाही. मग डाव्या बाजूने, माझ्या खांद्यावर हात ठेवून चढायचं. उतरतानाही मी "उतर" म्हटल्याशिवाय हलायचं नाही. पल्सरची मागची सीट उंच आहे, दुखऱ्या गुडघ्याला तेवढा पाय उचलणं कठीण. म्हणून मी गाडी नेहमी एखाद्या पाराला, पायरीला किंवा उंच कट्ट्याला लावून उभी करायचो. आठ दिवसांत चहाची टपरी निवडताना चहापेक्षा कट्टा आहे का, हे मी आधी बघत होतो.

गाडीचं काम फारसं नाही, पण जे आहे ते करायलाच हवं. पल्सरच्या मागच्या चाकात एकट्याला २८ पीएसआय हवा असते, डबलसीटला ३२. पुढे २५ च. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील, पुस्तिकेत बघून घ्या आणि हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगची खाच वाढवून घ्या, दोन्ही बाजूंना सारखीच. चेन फार ताणू नका, कारण दोघं बसल्यावर मागचा भाग दबतो आणि चेन आणखी ताणली जाते. मागचा भाग दबला की हेडलाइटचा झोत वर उठतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. संध्याकाळी दोघं बसून भिंतीवर झोत बघा आणि खाली घ्या.

सामान दोन्ही बाजूंच्या बॅगांत, जड वस्तू खाली आणि शक्य तितक्या पुढे. सीटच्या मागे उंच गाठोडं बांधलं की पुढचं चाक हलकं होतं आणि घाटातल्या वळणावर हँडल पोकळ वाटतं. उजवीकडची बॅग सायलेन्सरला टेकत नाही ना, हेही दोघं बसल्यावर तपासायचं, कारण बसल्यावर ती खाली येते. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या, पाण्याची बाटली, रुमाल आणि खडीसाखर टाकीवरच्या छोट्या बॅगेत, म्हणजे उतरल्या उतरल्या हाताशी.

आता रस्ता. कुंभार्ली उतरताना पहिल्याच वळणांवर माझ्या हेल्मेटवर मागून टक् आवाज आला. मी ब्रेक मारला की आईचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आदळत होतं. घाट उतरेपर्यंत तो आवाज मी अकरा वेळा मोजला. त्या अकरा वेळा माझ्या हाताची चूक होती. ब्रेक उशिरा आणि एकदम दाबत होतो. मग रीत बदलली. वळण दिसलं की आधी ॲक्सिलरेटर सोडायचा, एक गिअर खाली, क्लच हळू सोडायचा, आणि मग दोन्ही ब्रेक सावकाश. मागच्या चाकावर वजन असल्यामुळे मागचा ब्रेक एकट्यापेक्षा चांगलं काम करतो, त्याचा उपयोग करायचा. उतारावर न्यूट्रल कधीच नाही. पाचव्या दिवशी देवगडच्या रस्त्यावर एकही टक् झाला नाही. तुम्हीही हे टक् मोजून बघा, आपण कशी गाडी चालवतो ते लगेच कळतं.

वळणावर मागच्याने काय करायचं, याचं मी आईला एकच वाक्य सांगितलं होतं: वळण ज्या बाजूला, माझ्या त्या खांद्यावरून पुढे बघ. तेवढ्याने अंग आपोआप बरोबर झुकतं. "माझ्याबरोबर झुक" असं सांगितलं तर नवखा माणूस एकतर जास्त झुकतो, नाहीतर घाबरून उलट्या बाजूला. हात कुठे? एक मागच्या मुठीला, एक माझ्या कमरेला.

वाऱ्यात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून खुणा. उजव्या खांद्यावर दोन थापा म्हणजे थांब, एक थाप म्हणजे हळू. पण खरी खूण वेगळीच निघाली. वेग साठच्या वर गेला की आईची माझ्या जॅकेटवरची मूठ घट्ट व्हायची. ती तोंडाने कधी म्हणाली नसती. आमचा वेग त्या मुठीनेच ठरवला, पन्नास-पंचावन्न. ओव्हरटेक करताना एकट्यापेक्षा दुप्पट मोकळा रस्ता दिसेपर्यंत मी थांबायचो. कोकणातल्या अरुंद रस्त्यांवर समोरून एसटी आली की डांबराच्या कडेला उतरायचा मोह होतो. तिथे जांभ्याची बारीक खडी असते, डबलसीट गाडी त्यावर लगेच सरकते. वेग कमी करून डांबरावरच डावीकडे थांबावं.

आमची एकमेव पडझड तवसाळच्या जेटीवर झाली आणि ती माझ्यामुळे झाली. ओहोटी होती. ओहोटीला बोट खाली जाते, उतार वाढतो आणि जेटीच्या खालच्या टप्प्यावर शेवाळ उघडं पडतं. मागे गाड्यांची रांग होती म्हणून मी आईला न उतरवता तसाच खाली निघालो. मागचं चाक सरकलं आणि चालण्याच्या वेगात आम्ही डावीकडे कलंडलो. लेगगार्डमुळे पाय गाडीखाली आला नाही, तरी आईच्या घोट्याला मुका मार लागला. बोटीवर ती एवढंच म्हणाली, "मला चालता येतं रे." मला ते फार लागलं. तेव्हापासून नियम असा: फेरीबोट, लाकडी साकव, वाळू, ओला उतार, रस्त्याचं काम, यांतलं काहीही दिसलं की मागचा माणूस आधी खाली. मागच्यांचे हॉर्न वाजू देत. बोटीवर इंजिन बंद, गाडी पहिल्या गिअरमध्ये, साइड स्टँडवर, आणि चालवणाऱ्याने गाडी धरून उभं राहायचं.

शेवटची गोष्ट मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळली, तीही आईचं डोकं ठणकायला लागल्यावर. ती दिवसभर पाणीच प्यायली नव्हती. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही, या धास्तीने. किती बायका प्रवासात हेच करतात आणि बरोबरच्या पुरुषांच्या ते लक्षातही येत नाही. मी स्वतः तिचा मुलगा असून विचारलं नव्हतं. त्या रात्री मी पुढच्या प्रत्येक दिवसाचे थांबे कागदावर लिहिले: पेट्रोल पंप, एसटी स्टँड, देवस्थानाचं भक्तनिवास. दर पाऊण तासाला थांबायचं, ती "नको, चल पुढे" म्हणाली तरी. थांबलं की पाच मिनिटं चालायचं, त्याने गुडघे आखडत नाहीत. मग घोट-घोट पाणी. आधी मी दिवसाला दीडशे किलोमीटर धरले होते. गुहागरनंतर ते शंभरच्या आत आणले आणि चारच्या आत मुक्कामाला पोचायचं ठरवलं. किनाऱ्याच्या रस्त्यावर पंप लांब लांब असल्याने टाकी अर्धी झाली की भरायचो, तोही एक थांबाच.

घरी आल्यावर चेन धुऊन तेल दिलं, शॉकअपची खाच परत खाली घेतली. मागच्या चाकातली हवा २८ वर आणायला खाली बसलो, तर आई ओट्यावरून म्हणाली, "हवा राहू दे. रविवारी पालला खंडोबाला जाऊ."