वाचन केंद्राचा चार्ज गळ्यात पडला असेल तर

कॉलेजात वाचन आणि शब्दसंग्रहाचं केंद्र काढायचं ठरलं की त्याचा चार्ज हमखास इंग्रजी विभागातल्या सगळ्यात नव्या माणसाकडे येतो. बऱ्याचदा तो तासिका तत्त्वावरचा असतो. हातात पडतं एक कपाट, ग्रंथालयाच्या कोपऱ्यातली दोन टेबलं आणि ‘नॅकला (म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला) दाखवायला लागेल’ एवढी सूचना. सोलापुरात हे काम करत आले, त्यावरून नव्यांना सांगते.

पहिलं म्हणजे यादी लावू नका. नॅकच्या कागदांसाठी ‘स्लो लर्नर’ आणि ‘ॲडव्हान्स्ड लर्नर’ असे गट करावे लागत असतील तर ते फाईलमध्ये खुशाल करा. पण स्लो लर्नरची नावं नोटीस बोर्डावर गेली की त्यातलं एकही पोरगं तुमच्या टेबलाजवळ फिरकणार नाही. आणि खरं सांगायचं तर ही पोरं भाषेत कच्ची नसतातच. सोलापूरच्या पूर्व भागातली मुलगी घरी तेलुगू बोलते, शाळा मराठीतून झालेली, दुकानात हिंदी. अक्कलकोटकडच्या पोराच्या घरी कन्नड. कुणी दहावीपर्यंत उर्दू माध्यमात. तीन-तीन भाषा रोज सांभाळणाऱ्याला स्लो कसं म्हणायचं? अडतं ते फक्त पाठ्यपुस्तकाच्या इंग्रजीत.

म्हणून केंद्रात पुस्तक त्याचंच हवं. बी.कॉम.चा असेल तर अकाउंट्सचं, बी.एस्सी.चा असेल तर केमिस्ट्रीचं. गोष्टीची पुस्तकं, स्पोकन इंग्लिशची पुस्तकं कपाटात असू द्या, पण टेबलावर नकोत, आणि गाईडही नको.

वेळ ठरवताना एसटीचं वेळापत्रक समोर घ्या. मंद्रूप, वळसंग, मोहोळकडची पोरं पासावर येतात, त्यांना शेवटच्या तासानंतर थांबवून उपयोग नाही. शहरातली बरीच जण दुपारनंतर कामाला जातात. तासांच्या मधली रिकामी अर्धा-पाऊण तासाची वेळ उत्तम. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत काही मोठं ठेवू नका. शिक्षकच यात्रेत असतात तिथे पोरांचं काय!

आता खरं काम, म्हणजे शेजारी बसून शिकवणारे विद्यार्थी निवडणं. टॉपर घेऊ नका. त्याला कधी अडलेलंच नसतं, त्यामुळे दुसऱ्याचं अडणं दिसत नाही. घ्यायचा तो तृतीय वर्षाचा, जो स्वतः मराठी किंवा उर्दू माध्यमातून येऊन कसाबसा निभावून आता सुधारलाय. कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ योजना चालू असेल तर त्यांचे तास त्यात बसवता येतात का ते आधी ऑफिसात विचारा. फुकट राबवून घेतलेलं पोरगं दिवाळीनंतर दिसत नाही.

त्यांना शिकवायची गोष्ट एकच: अर्थ सांगायची घाई करायची नाही. एक बैठक सांगते म्हणजे कळेल. द्वितीय वर्ष बी.कॉम.ची मुलगी. पुस्तकात प्रत्येक अवघड इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलने देवनागरीत उच्चार लिहिलेला. घडाघडा वाचते, पण वाचते ती पेन्सिल. शिकवणाऱ्या दादाने पट्टीने पेन्सिलची ओळ झाकली आणि विचारलं, ‘यातलं क्रियापद कुठलं?’ वाक्य होतं, ‘द फर्म मस्ट मीट इट्स लायबिलिटीज.’ ती म्हणाली, ‘मीट. फर्म भेटते... कुणाला?’ दादा गप्प. ‘पुढचं वाक्य वाच,’ एवढंच. पुढे वेळेवर पैसे न दिल्यास काय होतं ते होतं. तिने मागे जाऊन बोट ठेवलं. ‘फेडायचं का, दादा? देणी फेडायची?’ मधल्या त्या गप्प बसण्याचेच पैसे दादाला द्यायचे असतात. नव्या शिकवणाऱ्याला तेवढं निभत नाही, तो लगेच बोलून मोकळा होतो. सुरुवातीचे आठवडे तुम्ही शेजारी बसा आणि त्याच्याकडे नुसतं बघा, पुरतं. आणि हो, तेलुगूत किंवा कन्नडमध्ये समजावलं तर अडवू नका.

शब्दांच्या बाबतीत लोक डिक्शनरी पाठ करायला लावतात. ते सोडा. भाषेच्या अभ्यासक ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली विद्यापीठीय पुस्तकांत वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुटुंबांची (एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपं, असं एक कुटुंब) यादी काढली. अशा मजकुरातला साधारण दहावा हिस्सा एवढ्यातच येतो. त्याआधी रोजच्या वापरातली पहिली दोन हजार कुटुंबं पक्की हवीत. अभ्यासकांचा अंदाज असा की आधाराशिवाय नीट समजायला शंभरातले ९८ शब्द ओळखीचे लागतात, म्हणजे पन्नासात एकच परका. आमची पोरं पानावर ओळीला दोन-तीन अडतात. त्यांना ‘संदर्भावरून ओळख’ म्हणणं म्हणजे थट्टाच, आधी उतारा सोपा किंवा छोटा करा.

शब्द पाठ ठेवायच्या कार्डांसाठी खर्च नको. जुन्या लग्नपत्रिकांचे कोरे भाग कापा, घराघरात ढीग असतो. एका बाजूला शब्द आणि पुस्तकातलं तेच वाक्य, मागे अर्थ, ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत. डब्याला तीन कप्पे: रोजचा, दिवसाआडचा, आठवड्याचा. आठवलं की पुढे, विसरलं की परत पहिल्यात. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाची १९७०च्या दशकातली ही युक्ती अजून चालते. आठवड्याला दहा-बारा नवी कार्डं पुष्कळ झाली.

प्रगती मोजायला क्लोझ चाचणी, म्हणजे गाळलेले शब्द भरायची चाचणी घ्या, अमेरिकन अभ्यासक विल्सन टेलर यांनी १९५३ साली मांडलेली. त्याच पुस्तकातला न वाचलेला उतारा घ्यायचा, पहिलं वाक्य तसंच ठेवायचं, पुढचा प्रत्येक पाचवा शब्द गाळायचा. निम्म्याहून बरेच कमी भरले तर ते पुस्तक त्याला अजून एकट्याने झेपत नाही असं धरा. सत्राच्या सुरुवातीला एक, शेवटी एक. अधूनमधून परीक्षा लावलीत तर केंद्राची शिकवणी होऊन बसते.

रजिस्टरात तारीख, पुस्तक, पान आणि उठताना पोराने स्वतःच्या शब्दांत सांगितलेलं एक वाक्य, एवढं पुरे. नॅकची फाईल त्यातूनच निघते. अर्ध्याहून जास्त वेळ फॉर्म भरण्यात जात असेल तर काहीतरी चुकतंय.

तृतीय वर्षाचे शिकवणारे उन्हाळ्यात निघून जातात. द्वितीय वर्षाची दोन-तीन पोरं दिवाळीनंतरच त्यांच्या शेजारी बसवायला लागा. जूनमध्ये शोधायला गेलात तर प्रवेशाच्या गडबडीत ऑगस्ट उजाडतो.