नॉर्वेच्या कातळकिनाऱ्यावरची वडिलोपार्जित जमीन कशी सांभाळावी

जमीन कागदावर नावाची होण्याआधी ती पायी फिरून घ्या. आणि तिच्या खाणाखुणा ठाऊक असलेलं माणूस हयात आहे तोवरच फिरा. बाकी कामं थोडी उशिरा झाली तरी निभतात, हे निभत नाही.

माझं सासर बर्गनच्या उत्तरेला, नूरहोर्डलांडमध्ये. जमीन बासष्ट डेकार. एक डेकार म्हणजे हजार चौरस मीटर, साधारण दहा गुंठे. त्यातलं सात-आठ डेकार गवताचं, बाकी कातळ, दलदल आणि ‘ल्युंग’चं माळरान. ल्युंग म्हणजे गुडघाभर उंचीचं, बारीक पानांचं, उन्हाळ्याच्या शेवटी जांभळं फुलणारं झुडूप. खाली पाण्याला लागून एक नाउस्त आहे, होडी ठेवायची लाकडी शेड. सासूबाई आधीच गेल्या होत्या. सासरे गेले तेव्हा माझा नवरा, नणंद आणि दीर असे तीन वारस झाले.

आदल्या वर्षी सासऱ्यांनी आम्हाला हद्द दाखवली होती. एका खडकापाशी थांबून त्यांनी काठीच्या टोकानं शेवाळ खरवडलं, तर खाली तळहाताएवढा क्रॉस कोरलेला. पुढची खूण एक उभा दगड, त्याच्या दोन्ही अंगांना जमिनीत रोवलेले छोटे दगड. त्या छोट्यांना इथे ‘साक्षीदार’च म्हणतात. मधला दगड आपसूक पडलेला नाही, माणसानं हद्दीसाठी लावलाय, याची साक्ष ते देतात. प्रत्येक खुणेचे दोन फोटो काढा, एक जवळून आणि एक मागचा डोंगर किंवा घर दिसेल असा. शेवाळ दोन-तीन वर्षांत परत चढतं, मग नुसत्या जवळच्या फोटोवरून जागा सापडत नाही.

मग घरी बसून ‘कार्तवेर्केट’च्या, म्हणजे सरकारी नकाशा खात्याच्या, ऑनलाइन नकाशाशी ताडून बघा. गट क्रमांक आणि उपक्रमांक घातले की हद्दीची रेघ दिसते, पण या किनाऱ्यावर ती रेघ कित्येक ठिकाणी जुन्या, ढोबळ नकाशावरून उचललेली आहे. आमच्याकडे ती नाउस्तच्या मधून जाते. अशा वेळी शेजाऱ्यांना सोबत घेऊन खुणा दाखवा, एकमत झालं की नगरपालिकेकडून मोजणी करून घ्या. एकमत झालंच नाही तर जमिनीच्या हद्दींसाठी वेगळं न्यायालय आहे, ‘यूर्डशिफ्ते’. समुद्राकडची हद्द पाण्याच्या काठावर संपत नाही. तळ जिथे एकदम खोल उतरतो तिथवर ती जाते, आणि तसा उतार नसेल तर ओहोटीच्या वेळी दोन मीटर खोल पाणी असेल तिथवर. धक्का किंवा बोया टाकायचा असेल तर हे माहीत हवं.

कागदांचं थोडक्यात सांगते. आपसात वाटणी करणार असाल तर मृत्यूनंतर साठ दिवसांत तसं न्यायालयाला कळवायचं आणि वारसांचा दाखला घ्यायचा. मग जमिनीची नोंद नावावर करायची. वारसा कर २०१४ पासून नाही. मात्र नोंदणीच्या वेळचा अडीच टक्के कर विसरू नका. स्वतःच्या कायदेशीर हिश्शावर तो लागत नाही, पण भावंडांपैकी एकानं सगळी जमीन घेतली तर त्याच्या वाट्यापेक्षा जास्तीच्या भागावर लागतो. वारसाला तिथेच राहायची सक्ती घर असलेल्या आणि पस्तीस डेकारांपेक्षा जास्त लागवडीच्या किंवा पाचशे डेकारांपेक्षा जास्त उत्पादक जंगलाच्या जमिनीला लागते. आमच्या जमिनीला ती नव्हती. गवताचे तुकडे मात्र पडीक ठेवता येत नाहीत, मग जमीन कितीही लहान असो. आमचे आम्ही शेजारच्या मेंढपाळाला लेखी कराराने दिलेत.

आता सामाईक मालकी. भांडणं इथेच उगवतात. १९६५ चा कायदा सांगतो की रोजच्या व्यवहाराचे निर्णय बहुमताने होतात आणि कुणीही एक मालक मालकी मोडायची, म्हणजे प्रसंगी सगळी जमीन विकायची, मागणी करू शकतो. भावंडं एकमेकांवर जीव टाकणारी असली तरी हे वाक्य प्रत्येकानं एकदा मोठ्याने वाचावं. वाटणीनंतर पहिल्याच उन्हाळ्यात आम्ही तिघांसमोर वही ठेवली आणि लिहून काढलं: कुठला आठवडा कुणाचा, छपराचा खर्च कसा, पत्रव्यवहार कोण बघणार, कुणाला बाहेर पडायचं असेल तर किंमत कशी ठरणार (आम्ही दोन मूल्यमापकांची सरासरी धरली). झाड तोडणं, रस्ता करणं, काही बांधणं याला तिघांची सही. नणंद ट्रोम्सोला राहते, वर्षातून दहा दिवस येते. तिच्या दहा दिवसांची नोंद आम्ही सगळ्यात वर केली. जो लांब असतो त्याला आपला हक्क हळूहळू निसटतोय असं वाटत राहतं, आणि एके दिवशी ते वकिलाच्या पत्रातून बाहेर येतं.

बांधकामाची स्वप्नं बघण्याआधी शंभर मीटर मोजा. पाण्यापासून तेवढ्या पट्ट्यात बांधायला मुळातच बंदी आहे. नाउस्तचं सुट्टीतलं घर करणं, अगदी समोर लाकडी ओटा घालणंही परवानगीशिवाय होत नाही, आणि परवानगी गृहीत धरू नये. दिरानं एकदा पायवाटेवर साखळी लावली होती, ती काढावी लागली. १९५७ च्या कायद्याने मोकळ्या माळावरून कुणालाही चालता येतं, राहत्या घरापासून दीडशे मीटर लांब तंबूही टाकता येतो. मला हे मनापासून पटतं. येणाऱ्यांसाठी आम्ही दलदलीवर दोन फळ्या टाकल्या, तेव्हापासून लोक गवत तुडवत नाहीत.

सगळ्यात जास्त कष्ट माळरानाचे. इथला माळ माणसानं आणि मेंढरांनी मिळून केलेला आहे, नुसता सोडून दिला की जुनिपरची झुडपं, मग बर्च, मग सिटका स्प्रूस ही झाडं त्यावर चढतात. जुनं, लाकडी झालेलं ल्युंग आग धरतं. जानेवारी २०१४ मध्ये नॉर्वेच्याच किनाऱ्यावरच्या फ्लाटांगरला सुक्या गवताला आणि ल्युंगला लागलेल्या वणव्यात साठच्या आसपास इमारती गेल्या. म्हणून जाळायचं ते आपणच, तुकड्यातुकड्याने. फेब्रुवारी-मार्चमध्ये, जमीन गोठलेली किंवा भिजलेली आणि वरचे शेंडे सुके असताना, पक्षी घरटी करायच्या आत. आधी अग्निशमन केंद्राला कळवा. पहिल्यांदा एकट्याने करू नका, जाणत्या शेजाऱ्याला बोलवा. आम्ही वारा जिकडे वाहत जातो त्या टोकाकडून सुरुवात करतो, पाण्याकडची कडा आधी जाळून काळा पट्टा पाडतो, मग आग त्याच्याकडे चालत येऊ देतो. माणशी एक ओली गोणी आणि फावडं. जुने दगडी बांध किंवा थडगी दिसली तर त्यांच्यापासून लांब राहा, १५३७ पूर्वीचं सगळं कायद्याने आपोआप संरक्षित आहे. काळ्या राखेतून नंतर कोवळे कोंब येतात आणि जुन्या नॉर्वेजियन जातीची मेंढरं हिवाळाभर त्यांच्यावर जगतात. शेजाऱ्याची सोळा मेंढरं आमच्याकडे डिसेंबरातही चरत असतात. कुणाला प्रत्यक्ष बघायचं असेल तर ल्युग्रा बेटावर ल्युंगच्या माळांचं केंद्र आहे, तिथे एक दिवस घालवा.

सिटका साठ-सत्तर वर्षांपूर्वी लोकांनी हौसेनं लावला, आता त्याचं बी वाऱ्याबरोबर खडकाच्या भेगेत जाऊन रुजतं. रोपटं घोट्याएवढं असताना दोन बोटांत उपटून येतं, कमरेएवढं झालं की करवत लागते. आम्ही दर ईस्टरला पोरांना बादल्या देतो आणि वरच्या खडकापासून समुद्राकडे ओळीने उतरतो. गेल्या खेपेला दुपारपर्यंत सात बादल्या भरल्या, आणि सगळ्यात धाकट्याला एका भेगेत तो सासऱ्यांचा क्रॉस पुन्हा सापडला.